पेयपात्र परतावा कायदे

पेयपात्र परतावा कायदे : शीतपेये, बिअर, बाटलीतील पाणी इ. पेये ज्या बाटल्यांतून वा डब्यांतून विकली जातात, ती पात्रे रिकामी झाल्यावर ग्राहकाने परत आणून द्यावीत, या हेतूने विक्रीच्या वेळीच ठराविक अनामत रक्कम आकारण्याची आणि पात्र परत मिळताच ती देऊन टाकण्याची सक्ती करणारे कायदे. रूढ भाषेत त्यांना ‘बाटली कायदे’ म्हणतात. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) १९७१ पासून असे कायदे होत गेले. पुढे त्यांना जोडून पात्रे गोळा करणाऱ्या केंद्रांना, पालिकांना व प्रक्रिया करणाऱ्यांना शासकीय निधीतून प्रोत्साहनपर रकमा देण्याची पद्धतही पडली. रिकाम्या बाटलीची जबाबदारी कोणाची, उत्पादकाची, दुकानदाराची, ग्राहकाची की नगरपालिकेची, या प्रश्नाचा निरनिराळ्या राज्यांनी लावलेला निकाल म्हणजेच या कायद्यांचा इतिहास होय.

पार्श्वभूमी : अनामत घेऊन बाटली देण्याची चाल कायद्याने सुरू केलेली नाही, ती व्यापाऱ्यांची स्वतःची सोय होती. हाताने फुंकलेली काचेची बाटली पुष्कळदा आतल्या पेयापेक्षा महाग पडे. डब्लिन येथील थ्वेट्स या सोडावॉटर बनविणाऱ्या पेढीने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच परत आलेल्या डझनभर बाटल्यांमागे दोन शिलिंग देऊ केले होते. अ. सं. सं. मध्येही दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत शीतपेये जवळजवळ सर्वस्वी आणि बिअर बव्हंशी पुन्हा भरता येणाऱ्या बाटल्यांतून विकली जात असे. बाटली भरणारे कारखाने गावोगावी होते. भरलेल्या बाटल्या पोहोचविणारी गाडी परतताना रिकाम्या बाटल्या घेऊन येई, त्यामुळे परतीचा खर्च वेगळा असा जाणवत नसे.

ही घडी मोडण्यास डब्याचा शोध कारणीभूत झाला. न्यूआर्क येथील क्रूगर या बिअर कारखान्याने अमेरिकन कॅन कंपनीने तयार केलेल्या डब्यांतून २४ जानेवारी १९३५ रोजी व्हर्जिनियातील रिचमंड शहरी प्रथम बिअर विकली. युद्धानंतर महामार्ग वाढले, मोठ्या स्वयंसेवा दुकानांची साखळी पसरली आणि थोड्या मोठ्या कारखान्यांनी गावोगावचे छोटे कारखाने गिळले. हजार मैल दूर पाठविलेली बाटली परत आणणे परवडेना. ‘अनामत नाही, परती नाही’ अशा अर्थाचे शब्द काचेवर उमटवून एकवापरी बाटल्या विकल्या जाऊ लागल्या, आणि ग्राहकाची सोय म्हणून त्यांची जाहिरात झाली. परतीच्या वाहतुकीचा, धुण्याचा व साठवणुकीचा खर्च यामुळे कारखानदाराच्या हिशेबातून गेला. तो रस्ते झाडणाऱ्या पालिकेच्या आणि शेतकऱ्याच्या हिशेबात शिरला, याकडे मात्र कोणी फारसे लक्ष दिले नाही.

पहिली तक्रार शेतकऱ्यांचीच होती. व्हर्माँट राज्यात मोटारींतून गवताच्या कुरणांत फेकलेल्या बाटल्यांच्या काचा जनावरांच्या पोटात जात. यास्तव १९५३ मध्ये त्या राज्याने पुन्हा भरता न येणाऱ्या बाटल्यांतून बिअर विकण्यास मनाई केली. मुदतीचा हा कायदा चार वर्षांनी संपला व त्याचे नूतनीकरण झाले नाही. १९५३ मध्येच डबे व बाटल्या बनविणाऱ्या कंपन्यांच्या पुढाकाराने ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ ही संस्था स्थापन झाली. कचरा टाकणाऱ्या बेपर्वा माणसास सुधारावे, ही तिची शिकवण होती. १९७१ मध्ये तिने प्रसृत केलेली, कचरा पाहून अश्रू ढाळणाऱ्या आदिवासीची दूरचित्रवाणी-जाहिरात अतिशय गाजली. (आदिवासीचे काम करणारा नट मूळचा इटालियन वंशाचा होता, हे पुढे उघड झाले.) माणसाने कचरा टाकू नये, हे कोणीही मान्य करील, परंतु सारा दोष टाकणाऱ्याच्या माथी मारल्यावर बनविणाऱ्याविषयी काही विचारावयाचे उरत नाही, हे त्या शिकवणीतील मर्म होते.

ऑरेगनचा कायदा : पॅसिफिक किनाऱ्यावरील ऑरेगन राज्यात लाकूडतोडीची यंत्रसामग्री विकणारा रिचर्ड चेंबर्स हा गृहस्थ समुद्रकाठी भटकताना डबे व बाटल्या वेचून आणीत असे. १९६८ मध्ये त्याने आपल्या भागाचा विधिमंडळ-प्रतिनिधी पॉल हॅनमन याच्यापुढे सक्तीच्या अनामतीची कल्पना मांडली. १९६९ मध्ये मांडलेले विधेयक फेटाळले गेले. दरम्यान शेजारच्या कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९७० मध्ये असा कायदा करून वाट दाखविली, तर वॉशिंग्टन राज्यात त्याच वर्षी लोकांनी सार्वमतात अशीच योजना थोडक्या मतांनी नाकारली. १९७१ मध्ये ऑरेगनचा गव्हर्नर टॉम मॅकॉल याने विधेयकामागे आपले वजन खर्च केले. मूळचा वृत्तपत्रकार असलेला हा रिपब्लिकन पक्षीय गव्हर्नर समुद्रकिनारे सर्वांस खुले ठेवण्याच्या १९६७ च्या कायद्यामुळे आधीच लोकप्रिय होता. पेय व पात्र उद्योगांचे प्रतिनिधी देशभरातून राजधानीत जमले. तरीही विधेयक संमत झाले आणि १ ऑक्टोबर १९७२ पासून अंमलात आले.

कायद्याची रचना साधी होती. बिअर व वायुयुक्त शीतपेयांच्या प्रत्येक पात्रावर पाच सेंट अनामत ठेवण्यात आली. एकाहून अधिक कारखान्यांना वापरता येईल अशा प्रमाणित बाटलीवर मात्र ती दोनच सेंट होती. दुकानदार ज्या जातीचे व आकाराचे पात्र विकतो, ते त्याने परत घेतलेच पाहिजे आणि वितरकाने ते दुकानदाराकडून घेतलेच पाहिजे, असे बंधन होते. ओढून तोडावयाच्या कड्या असलेल्या डब्यांवर बंदी घालण्यात आली. कारण या धारदार कड्या वाळूत अनवाणी चालणाऱ्यांच्या पायांत शिरत. या सर्व व्यवहारात शासनाच्या तिजोरीतून एक पैही जात नव्हती की येत नव्हती. ज्या अनामती कोणी परत मागितल्या नाहीत, त्या वितरकांकडेच राहत.

प्रमाणित बाटलीस दिलेली सवलत बारकाईने पाहण्याजोगी आहे. कायदा करणाऱ्यांच्या मनात केवळ रस्ते स्वच्छ करणे नव्हते. बाटली पुन्हा भरली जावी, अशी त्यांची इच्छा होती. वेगवेगळ्या कारखान्यांची बाटली एकाच घडणीची असली, तर ती जवळच्या कोणत्याही कारखान्यात जाऊ शकते व परतीचा प्रवास लहान होतो. अमेरिकन कॅन कंपनीने व अन्य वादींनी हा कायदा आंतरराज्य व्यापारात अडथळा आणतो म्हणून न्यायालयात धाव घेतली, पण ऑरेगनच्या अपील न्यायालयाने १९७३ मध्ये तो वैध ठरविला. सार्वजनिक हित व व्यापाऱ्यांचे नुकसान यांची तुलना करणे हे विधिमंडळाचे काम आहे, असा त्या निर्णयाचा रोख होता व इतर राज्यांना त्यामुळे धीर आला. रस्त्याकडेच्या कचऱ्यातील पेयपात्रांचे प्रमाण कायद्यापूर्वी सु. ४० टक्के होते, ते १९७३ मध्ये सु. ११ टक्क्यांवर आले.

प्रसार व विरोध : व्हर्माँटने १९७२ मध्ये पुन्हा कायदा केला. मेन व मिशिगन या राज्यांतील मतदारांनी १९७६ च्या सार्वमताने तो मंजूर केला. मिशिगनने तर दहा सेंटांची अनामत ठरविली. त्यानंतर आयोवा, कनेक्टिकट, मॅसॅचूसेट्स, न्यूयॉर्क, डेलावेअर ही राज्ये आली. ऑरेगनचा सीनेटर मार्क हॅटफील्ड याने साऱ्या देशासाठी एकच कायदा व्हावा म्हणून काँग्रेसमध्ये वारंवार विधेयके मांडली, परंतु ती संमत झाली नाहीत. पुढे लाट ओसरली. हवाईने २००२ मध्ये कायदा केला, डेलावेअरने २०१० मध्ये तो रद्द केला. दहा राज्ये व ग्वाम एवढ्यांपुरतीच ही पद्धत मर्यादित राहिली. घरोघरी कचरा-पेटीतून पुनर्चक्रीकरण होत असताना अनामतीचा उपद्व्याप कशाला, हा उद्योगांचा नंतरच्या काळातील मुख्य युक्तिवाद असे. मॅसॅचूसेट्समध्ये २०१४ साली पाण्याच्या बाटल्या अनामतीखाली आणण्याची सूचना मतदारांनी मोठ्या बहुमताने फेटाळली.

ज्या राज्यांत कायदा झाला, तेथेही पुन्हा भरण्याच्या बाटलीचा विजय झाला नाही. प्रारंभीची काही वर्षे ऑरेगनमध्ये तिचा वापर वाढला. पण हलका ॲल्युमिनियमचा डबा आणि १९७० नंतर आलेली पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेटची (‘पेट’ प्लॅस्टिकची) बाटली यांनी तिला दुकानातून हुसकून लावले. परत आलेले पात्र धुऊन भरण्याऐवजी चेपून वितळविण्यासाठी पाठविले जाऊ लागले [→ ॲल्युमिनियम, काच]. ज्या सवलतीत कायद्याचा गाभा होता, तीच निरुपयोगी ठरली.

कॅलिफोर्नियाची पद्धत : सर्वांत मोठ्या राज्यात या प्रश्नाचा निकाल वेगळ्या मार्गाने लागला. तेथे १९८२ मध्ये ऑरेगनच्या धर्तीची योजना सार्वमताला आली व पडली. दुकानांत रिकाम्या बाटल्यांचे ढीग नकोत, हा किराणा-व्यापाऱ्यांचा आग्रह होता. अखेर विधानसभा-सदस्य बर्ट मार्गोलिन याने मांडलेले तडजोडीचे विधेयक १९८६ मध्ये संमत झाले आणि १९८७ च्या सप्टेंबरपासून अंमलात आले. त्यात ‘अनामत’ हा शब्दच टाळून ‘परतावा मूल्य’ असा शब्द योजलेला आहे. वितरकाने प्रत्येक पात्रामागे ही रक्कम राज्याच्या स्वतंत्र निधीत भरावी, ग्राहकाने रिकामे पात्र दुकानाऐवजी पुनर्चक्रीकरण केंद्रावर न्यावे व केंद्राने त्याला रोख पैसे द्यावेत, अशी व्यवस्था ठरली. मोठ्या किराणा दुकानाभोवतीचा अर्धा मैल त्रिज्येचा टापू हे ‘सोयीचे क्षेत्र’ मानले गेले. तेथे केंद्र नसेल, तर त्या टापूतील दुकानदारांनी स्वतः पात्रे घ्यावीत किंवा दिवसाला शंभर डॉलर भरावेत, असे बंधन होते.

परतावा मूल्य प्रारंभी अवघे एक सेंट होते. १९९० मध्ये दोन लहान पात्रांस मिळून पाच सेंट, २००४ मध्ये लहान पात्रास चार व २४ औंस वा त्याहून मोठ्यास आठ, आणि २००७ मध्ये अनुक्रमे पाच व दहा सेंट असे ते वाढले. २००० पासून पाणी, फळांचे रस, चहा-कॉफीची पेये यांचा व २०२४ पासून वाइन व ऊर्ध्वपातित मद्ये यांचा समावेश करण्यात आला.

दुकानदाराला मोकळे केल्यामुळे केंद्र चालविणाऱ्यास जगविण्याचे काम शासनावर आले. प्रोत्साहनपर रकमांचा सारा पसारा येथूनच वाढला. केंद्राने ग्राहकाला दिलेली रक्कम प्रक्रिया करणाऱ्याच्या मार्फत निधीतून भरून मिळते. पण त्यात केंद्राला नफा नसतो. त्याची कमाई भंगार विकण्यातून व्हावयाची. ॲल्युमिनियमला बाजारात भाव असल्याने त्याचे गोळा करणे परवडते. काच व प्लॅस्टिक यांचे भंगार-मूल्य गोळा करण्याच्या खर्चापेक्षा कमी असते. ही तूट भरून काढणारी रक्कम म्हणजे ‘प्रक्रिया-देय’ होय. तिच्यासाठी पेय-उत्पादकांकडून ‘प्रक्रिया-शुल्क’ घेतले जाते. किराणा दुकानाच्या आवारात केंद्र चालविणाऱ्यास ‘हाताळणी-शुल्क’ वेगळे मिळते. याखेरीज घरोघरी कचरा उचलणाऱ्या सेवांना पूरक अनुदान, शहरे व परगणे यांना कचरा-निर्मूलनासाठी दरसाल १ कोटी ५ लक्ष डॉलरपर्यंत वाटप, स्वच्छ व रंगवार निवडलेल्या मालास ‘गुणवत्ता-प्रोत्साहन’ आणि राज्यातच प्लॅस्टिकवर प्रक्रिया करून नवी वस्तू बनविणाऱ्यांना ‘बाजारपेठ-विकास’ देय, अशा रकमा वेळोवेळी कायद्यात घातल्या गेल्या. उत्पादकांच्या शुल्काचा मोठा भागही पुढे याच निधीतून भागविला जाऊ लागला.

हा सगळा पैसा कोठून येतो, हे ध्यानात घेतले म्हणजे पद्धतीतील अंतर्विरोध दिसतो. लोकांनी परत न मागितलेल्या रकमा हाच या देण्यांचा मुख्य झरा होय. लोक जितक्या अधिक बाटल्या परत आणतील, तितका तो आटत जातो. म्हणजे योजना यशस्वी झाली की निधीत तूट येते आणि ती फसली की पैसा साठतो. साठलेला पैसा राज्याच्या सर्वसाधारण अंदाजपत्रकाची भोके बुजविण्यासाठी कर्जाऊ घेतल्याचीही उदाहरणे आहेत. २००९ च्या आर्थिक मंदीत निधी अपुरा पडून केंद्रांची देणी कापावी लागली, तेव्हा या कर्जांवरून बराच वाद झाला.

दुसरा दोष हिशेबाच्या पद्धतीत होता. प्रक्रिया-देय साऱ्या राज्यातील सरासरी खर्चावर व मागील काळातील भंगार-भावांवर ठरते. २०१५ च्या सुमारास खनिज तेल स्वस्त झाल्यावर नवे प्लॅस्टिकच स्वस्त पडू लागले व भंगाराचा भाव कोसळला. देय मात्र जुन्याच भावांनी निघत राहिले. रीप्लॅनेट या सर्वांत मोठ्या केंद्र-चालकाने जानेवारी २०१६ मध्ये १९१ केंद्रे बंद केली. २०१८ पासून चीनने विदेशी भंगाराची आयात रोखल्यावर संकट आणखी गडद झाले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्या कंपनीने उरलेली सर्व २८४ केंद्रे एकाच दिवशी मिटविली. ग्राहक दुकानात प्रत्येक बाटलीमागे रक्कम भरत होताच. ती परत मिळविण्याची जागा मात्र नाहीशी झाली. ज्यांना मोटार आहे त्यांनी बाटली घरच्या पेटीत टाकून पैशावर पाणी सोडले. डबे वेचून त्यावर गुजराण करणारे निवृत्त, स्थलांतरित व बेघर लोक यांचे हाल झाले. २०२२ च्या सुधारणेने अशा क्षेत्रांतील दुकानदारांनी सहकारी संघटना स्थापून पात्रे परत घेण्याची सोय करावी, असे ठरविले. १९८६ मध्ये दुकानदाराच्या खांद्यावरून उतरविलेले ओझे अशा रीतीने काही अंशी पुन्हा त्याच्याच खांद्यावर आले.

परतावा मूल्य नसलेल्या शेजारच्या ॲरिझोना व नेव्हाडा या राज्यांतून मालमोटारी भरून पात्रे आणणे हाही एक किफायतशीर गुन्हा ठरला. त्याला आळा घालण्यासाठी २०१४ पासून एका व्यक्तीकडून एका दिवसात घ्यावयाच्या ॲल्युमिनियमची व प्लॅस्टिकची मर्यादा प्रत्येकी ५०० वरून १०० पौंडांवर आणण्यात आली. वजनाऐवजी नग मोजून पैसे घेण्याचा हक्क ग्राहकाला प्रत्येक जातीच्या ५० पात्रांपर्यंत आहे. थोडे डबे आणणाऱ्या गरिबास वजनात नागवले जाऊ नये, असा या तरतुदीचा उपयोग होतो.

अनामतीचे मूल्य : रक्कम कायद्यात आकड्याने लिहिली जाते व महागाई तिला कुरतडत राहते. १९७२ च्या पाच सेंटांची बरोबरी करण्यास २०२३ मध्ये सु. ३५ सेंट लागले असते. न्यूयॉर्कने १९८३ पासून पाच सेंटच ठेवले. तेथे केंद्रांना वितरकांकडून मिळणारे हाताळणी-शुल्क मात्र २००९ मध्ये साडेतीन सेंटांवर गेले, तेव्हा रिकामा डबा परत घेण्याची मजुरी व त्याची अनामत यांत फारसे अंतर उरले नाही. त्याच वर्षापासून परत न मागितलेल्या रकमांचा ८० टक्के हिस्सा राज्य घेऊ लागले. ऑरेगनने यावर स्वयंचलित उपाय योजला. २०११ च्या सुधारणेनुसार परतीचे प्रमाण लागोपाठ दोन वर्षे ८० टक्क्यांखाली राहिल्यास अनामत आपोआप दहा सेंट व्हावयाची होती. तसे घडले व १ एप्रिल २०१७ पासून ती दुप्पट झाली. त्यानंतर प्रमाण पुन्हा ८० टक्क्यांवर चढले. तेथील वितरकांची सहकारी संस्था परत न मागितलेल्या रकमांतून स्वतःची केंद्रे चालविते. २०१८ पासून तिने पुन्हा भरावयाच्या प्रमाणित बाटल्याही नव्याने सुरू केल्या. यूरोपात स्वीडनने १९८४ पासून ॲल्युमिनियमच्या डब्यांवर व जर्मनीने २००३ पासून एकवापरी पात्रांवर अनामत बसविली. नॉर्वेने पात्रांवरील कर परतीच्या प्रमाणाशी उलटा जोडला; ९५ टक्के पात्रे परत आली की कर शून्यावर येतो, त्यामुळे त्या गोळा करण्यात उत्पादकाचाच स्वार्थ असतो.

भारत : भारतात कायद्याविना चालणारी परतीची पद्धत जुनी आहे. गोटी सोड्याची बाटली गिऱ्हाइकाने दुकानासमोर उभे राहून रिकामी करावयाची व तेथेच द्यावयाची. मुंबईत आरे दूधयोजनेच्या काचेच्या बाटल्या केंद्रावर रिकामी बाटली देऊनच मिळत. पिशव्या व पेट बाटल्या आल्यावर ही पद्धत आक्रसली आणि रिकाम्या पात्राची वाटचाल कचरावेचक, भंगारवाला व घाऊक व्यापारी या साखळीवर सोपविली गेली. पेट बाटलीला भंगारात भाव असल्याने ती मोठ्या प्रमाणात गोळा होते. हा भाव पडला की त्याची झळ प्रथम वेचणाऱ्या स्त्रियांना लागते.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या प्लॅस्टिक-बंदी अधिसूचनेत पेट बाटल्यांवर एक-दोन रुपयांचे व दुधाच्या पिशवीवर ५० पैशांचे परतावा मूल्य छापून पुनर्खरेदीची व्यवस्था करण्यास उत्पादकांना सांगितले. रक्कम ठरविली गेली, परंतु ती ग्राहकाच्या हाती परत देणारी दुकाने वा केंद्रे पुरेशी उभी राहिली नाहीत. कॅलिफोर्नियात २०१९ नंतर उद्‌भवलेली अडचण येथे आरंभापासूनच होती. तमिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून शासकीय मद्यविक्री-दुकानांत बाटलीमागे दहा रुपये जादा घेऊन रिकामी बाटली आणताच ते परत देण्यास सुरुवात झाली व पुढे ही योजना इतर जिल्ह्यांत नेण्यात आली. तेथे विक्रेता एकच व तोही शासनाच्या अखत्यारीतील असल्याने कोणी परत घ्यावयाचे, हा वाद उद्‌भवला नाही. गोवा शासनाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये अविघटनशील कचऱ्यासाठी ठेव-परतावा योजना अधिसूचित केली असून पेयांच्या बाटल्या व डबे यांबरोबरच अन्य वेष्टनेही तिच्या कक्षेत आणलेली आहेत.